पाण्याखालची टपालपेटी

लाल रंगाची टपालपेटी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. पोस्टाच्या भिंतीवर, बसस्थानकाजवळ किंवा गावाच्या चौकात ती टांगलेली असते. पत्र आत टाकण्यासाठी तिला एक फट असते आणि खाली कुलूप असते. उर्दूत आपण ज्याला डाकखाना म्हणतो, त्यालाच मराठीत टपाल कार्यालय किंवा नुसते पोस्ट म्हणतात.

आता अशीच एक पेटी समुद्राच्या तळाशी उभी आहे, अशी कल्पना करा. तिच्यात पत्र टाकायचे तर पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात बुडी मारावी लागेल. आजूबाजूला मासे फिरत असतील. पत्र टाकणारा माणूस तोंडातून बुडबुडे सोडत पुन्हा वर येईल. ही कल्पना वाटते. पण अशा पेट्या खरोखर आहेत. त्यांत टाकलेली पोस्टकार्डे दूरदूरच्या देशांत, ज्याच्या त्याच्या घरी पोचतात.

जपानमध्ये वाकायामा नावाचा एक प्रांत आहे. त्याच्या समुद्रकिनाऱ्यावर सुसामी हे मासेमारीचे गाव आहे. १९९९ मध्ये या गावाजवळच्या समुद्रात, सुमारे १० मीटर खोलीवर, एक टपालपेटी बसवण्यात आली. प्रवाशांनी आपल्या भागाकडे वळावे, हा त्यामागचा हेतू होता. २००२ मध्ये गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात जगातील सर्वांत खोल टपालपेटी म्हणून तिची नोंद झाली. किनाऱ्यावरच्या दुकानात पाण्याने न भिजणारे कार्ड मिळते. त्यावर तेलकट शाईच्या पेनाने मजकूर लिहायचा, बुडी मारायची आणि कार्ड पेटीत टाकायचे. ठरावीक दिवसांनी एक पाणबुड्या खाली जातो, पेटी उघडतो आणि कार्डे वर आणून गावच्या पोस्टात देतो.

प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा बेटांचा देश आहे. तेथे मे २००३ मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. राजधानी पोर्ट व्हिलाजवळ हाइडअवे नावाचे छोटे बेट आहे. त्याच्या किनाऱ्यालगत सुमारे ३ मीटर पाण्याखाली पेटीबरोबर चक्क एक टपाल कार्यालयच उघडण्यात आले. ठरलेल्या वेळी पोस्टाचा कर्मचारी पाणबुड्याचा पोशाख घालून खाली जातो. तो खाली असला म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेवर झेंडा लावतात. झेंडा दिसला की कार्यालय उघडे आहे, असे समजायचे.

समुद्राच्या तळाशी टपाल स्वीकारण्याची कल्पना याहूनही जुनी आहे. १९३९ मध्ये अटलांटिक महासागरातील बहामा बेटांवर असा प्रयोग झाला. पाण्याखाली चित्रपट काढण्यासाठी तेथे लोखंडाची एक बंद खोली समुद्रात सोडत असत. त्या खोलीतच टपाल कार्यालय थाटण्यात आले आणि 'समुद्रतळ, बहामा' अशा अर्थाचा शिक्का पत्रांवर मारला जाऊ लागला.

हे सगळे ऐकून गंमत वाटते. परंतु पाण्यात टपाल चालवायचे तर अडचणी थोड्या नाहीत. त्या कोणत्या आणि त्यांवर काय उपाय केले, ते पाहू.

पहिली अडचण कागदाची. साधा कागद पाणी शोषून घेतो, फुगतो आणि फाटतो. म्हणून ही कार्डे प्लास्टिकची किंवा पाणी न शोषणाऱ्या खास कागदाची असतात.

दुसरी अडचण शाईची. तुमच्या वहीवर पाणी सांडले तर अक्षरे कशी पसरतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पाण्यात विरघळणारी शाई येथे उपयोगाची नाही. तेलकट शाई किंवा पेन्सिल चालते. पेन्सिलीतले शिसे म्हणजे वास्तविक ग्रॅफाइट असते आणि ते पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच पाणबुडे पाण्याखाली नोंदी करण्यासाठी प्लास्टिकची पाटी आणि साधी पेन्सिल वापरतात.

तिसरी अडचण पाण्याच्या दाबाची. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे सुसामीच्या पेटीवर जमिनीवरच्या दुप्पट दाब असतो. मग ती चेपत कशी नाही? कारण ती हवाबंद नसते. पाणी तिच्या आतही असते आणि बाहेरही असते. दोन्ही बाजूंचा दाब सारखाच असल्यामुळे पेटीला काही होत नाही. तिला खरा धोका असतो तो गंजाचा. खारट पाण्यात लोखंड लवकर गंजते. त्यावर शेवाळ आणि शिंपले चिकटतात. त्यामुळे पेटी वेळोवेळी घासावी आणि रंगवावी लागते.

चौथी गोष्ट अडचण नाही, पण मौजेची आहे. सूर्याच्या प्रकाशातील लाल रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेते. पाच-दहा मीटर खाली गेल्यावर लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून जमिनीवर लालभडक दिसणारी पेटी तेथे काळपट तपकिरी दिसते. तिच्यावर विजेरीचा प्रकाश टाकला की ती पुन्हा लाल होते!

पाचवी आणि सर्वांत मोठी अडचण शिक्क्याची. टपाल तिकिटावर पोस्ट शिक्का मारते. त्याला 'तिकीट रद्द करणे' असे म्हणतात. ते तिकीट पुन्हा वापरता येऊ नये, हा त्याचा पहिला उपयोग. पत्र कोणत्या दिवशी, कोणत्या गावाहून निघाले हे कळावे, हा दुसरा. पण पाण्यात शाईचा शिक्का उमटणार कसा? वानुआतूच्या पोस्टाने यावर चांगली युक्ती काढली. तेथे शाईऐवजी दाबाचा शिक्का वापरतात. दोन साच्यांमध्ये कार्ड दाबले की अक्षरे उठून दिसतात. त्यांवरून बोट फिरवले तरी ती हाताला लागतात.

ही युक्ती आपल्या भागालाही अगदी नवी नाही. १८५२ मध्ये सिंध प्रांतात 'सिंध डाक' नावाची तिकिटे निघाली. आशिया खंडातील ती पहिली टपाल तिकिटे मानली जातात. त्यांतील एक प्रकार पांढऱ्या कागदावर केवळ दाब देऊन, शाईशिवाय उठवलेला होता.

येथे तुमच्या मनात एक प्रश्न येईल. एवढी यातायात करून लोक पाण्याखालून पत्र कशासाठी पाठवतात? तोच मजकूर जमिनीवरून पाठवता आला नसता काय? मजकूर पाठवता आला असता, पण तो शिक्का मिळाला नसता. शिक्का ही साक्ष असते. हे कार्ड त्या दिवशी, त्या ठिकाणी होते, असे तो सांगतो. म्हणूनच असे शिक्के जमवण्याचा छंद जगभर आहे.

परंतु पेटी कितीही नवलाची असली, तरी टपालाचे खरे नवल पेटीत नसते. ते पेटीमागच्या रस्त्यात असते. ठरलेल्या दिवशी खाली जाऊन पेटी उघडणारा कोणी नसेल, तर समुद्रतळाची ती पेटी म्हणजे नुसते गंजके लोखंड आहे. पेटीपासून घराच्या दारापर्यंत जबाबदार माणसांची एक साखळी असते. एकाने पत्र घ्यायचे, दुसऱ्याच्या हाती द्यायचे, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. या साखळीला टपाल म्हणतात.

या रस्त्याची खूण तुमच्या पत्त्यातही आहे. ती म्हणजे पिन कोड. आपल्या कड्याचा पिन कोड ४१४२०२ असा आहे. कडा हे गाव बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात आहे. पण बीड शहराचा पिन कोड ४३१ ने सुरू होतो आणि आपला ४१४ ने. हे ४१४ आकडे अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे आहेत. जिल्हा एक आणि पिन कोड दुसऱ्याचा, असे का?

पिन कोडची रचना समजली की याचे उत्तर मिळते. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा आकडा ४ आहे. पहिले दोन आकडे मिळून पोटविभाग कळतो. पहिले तीन आकडे मिळून पत्रांची छाननी कोणत्या जिल्हा केंद्राकडे होते, ते कळते. शेवटचे तीन आकडे त्या त्या टपाल कार्यालयाचे असतात. म्हणजे पिन कोड सरकारी हद्द दाखवत नाही, तो पत्राची वाट दाखवतो. कड्याहून नगर जवळ आहे आणि बीड दूर. माणसे बाजाराला आणि दवाखान्याला नगरच्या रस्त्याने जातात, पत्रांचेही तसेच.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती तयार करणारे अधिकारी मराठी होते. त्यांचे नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. ते संस्कृतचे पंडित आणि कवी होते. आपल्या देशात एकाच नावाची अनेक गावे आहेत. पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिले जातात. छाननी करणाऱ्या माणसाला प्रत्येक लिपी कशी वाचता येणार? वेलणकरांनी सहा आकड्यांनी हा प्रश्न सोडवला. तुम्ही पत्ता उर्दूत लिहा, मराठीत लिहा किंवा तमिळमध्ये लिहा; पिन कोड बरोबर असेल तर पत्र निदान योग्य पोस्टापर्यंत पोचतेच.

पिन कोड म्हणजे वाट, हे ध्यानात ठेवले की पुढची गोष्ट नीट कळेल. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला अंटार्क्टिका हा बर्फाचा खंड आहे. तेथे भारताचे टपाल कार्यालय आहे आणि ते आपल्या महाराष्ट्राच्या टपाल परिमंडळाशी जोडलेले आहे!

६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून जहाजाने निघाली. तिच्यात २१ जण होते. मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. ते अलाहाबादचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते शिकले आणि समुद्रविज्ञानात त्यांनी मोठे नाव मिळवले. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते संचालक होते. पुढे ते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू झाले. ९ जानेवारी १९८२ रोजी त्यांची तुकडी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली. तिसऱ्या मोहिमेने तेथे 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचे पहिले संशोधन केंद्र उभारले. १९८४ मध्ये त्या केंद्रात टपाल कार्यालय उघडले. पहिल्या एका वर्षात सुमारे १०,००० पत्रांवर तेथे शिक्का मारला गेला.

मात्र दक्षिण गंगोत्री केंद्र बर्फाच्या थरावर बांधलेले होते. दरवर्षी बर्फ पडत गेले आणि इमारत हळूहळू त्यात गाडली गेली. १९९० मध्ये ते केंद्र बंद करावे लागले. पाण्याखालच्या टपालपेटीचे आपल्याला नवल वाटते. आपले एक टपाल कार्यालय तर गोठलेल्या पाण्याखाली गेले! परंतु टपाल थांबले नाही. त्याच वर्षी ते 'मैत्री' या नव्या केंद्रात नेण्यात आले. हे केंद्र खडकावर बांधलेले असल्याने त्याला बर्फात बुडण्याचे भय नव्हते.

२०१२ मध्ये भारताने 'भारती' हे आणखी एक केंद्र सुरू केले. ते मैत्रीपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर आहे. ५ एप्रिल २०२४ रोजी भारती केंद्रातही टपाल कार्यालय उघडण्यात आले. त्याला प्रायोगिक पिन कोड मिळाला तो 'एमएच-१७१८'. एमएच म्हणजे महाराष्ट्र. अंटार्क्टिका काही महाराष्ट्रात नाही. पण तेथे जाणाऱ्या पत्राची वाट गोव्यातून जाते आणि गोव्याचे टपाल महाराष्ट्र परिमंडळात येते. आपल्या कड्याला नगरचे आकडे मिळाले, ते याच न्यायाने.

ही पत्रे जातात कशी, तेही पाहण्यासारखे आहे. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. लोक आपली पत्रे तेथे पाठवतात. मोहीम निघाली की एका संशोधकाकडे पत्रांची जबाबदारी दिली जाते. तो ती सोबत नेतो. अंटार्क्टिकाच्या केंद्रात त्यांवर शिक्का मारला जातो. नंतर तीच पत्रे परत आणून टपालाने ज्याची त्याला पाठवली जातात. आज तेथील संशोधक घरच्यांशी फोनवर बोलू शकतात. १९८० च्या सुमारास तशी सोय नव्हती. जहाज वर्षातून एकदा, तेथील उन्हाळ्यात पोचे. महिनोन्महिने बर्फात राहणाऱ्या माणसाला घरचे पत्र म्हणजे काय वाटत असेल, याचा विचार करा.

संदेश पोचवणाऱ्या माणसांची साखळी आपल्या देशात फार जुनी आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ मध्ये भारतात आला. त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर सुलतान मुहम्मद बिन तुघलक होता. इब्न बतूताने येथील डाकेचे वर्णन लिहून ठेवले आहे. घोड्यांची डाक वेगळी आणि पायी धावणाऱ्यांची वेगळी असे. पायी डाकेची ठाणी अगदी जवळजवळ असत. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात काठी असे. काठीच्या टोकाला तांब्याची घुंगरे बांधलेली असत. घुंगरांचा आवाज आला की पुढच्या ठाण्याचा माणूस कंबर कसून उभा राही. सिंधहून दिल्लीचा प्रवास ५० दिवसांचा होता. पण डाकेने पत्र ५ दिवसांत पोचे. सुलतान आपल्या मराठवाड्यातील दौलताबादला असताना त्याच्यासाठी गंगेचे पाणीसुद्धा डाकेने येत असे, असे इब्न बतूता लिहितो. ती वाट ४० दिवसांची होती.

पुढे आपला बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे टपाल स्वतंत्र होते आणि तिकिटेही स्वतंत्र होती. १८७१ पासून निघालेल्या तिकिटांवर फार्सी, इंग्रजी, मराठी आणि तेलुगू अशा चार भाषांत किंमत छापलेली असे. म्हणजे उर्दू वाचणारा आणि मराठी वाचणारा, दोघांनाही तेच तिकीट वाचता येई. १९५० मध्ये हे टपाल भारताच्या टपाल खात्यात सामील झाले.

पोस्टकार्ड आपल्या देशात १ जुलै १८७९ रोजी आले. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा होती. लिफाफा घेणे ज्याला परवडत नसे, तोही एका पैशात हजार मैलांवर निरोप पाठवू शके. आपल्या आष्टी तालुक्यातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला परमुलखात जातात. फोन नव्हते, तेव्हा त्यांना घरची खुशाली कळवण्याचा आधार पोस्टकार्ड हाच होता. घरी वाचता येणारे कोणी नसले, तर शाळेत जाणारा शेजारचा मुलगा किंवा स्वतः पोस्टमन ते वाचून दाखवी. आजारपण, लग्न, पाऊस, जन्म, मृत्यू, सारे काही त्या तळहाताएवढ्या कार्डावर मावत असे.

सुसामीच्या समुद्रातले कार्ड छंदासाठी टाकलेले असते. ऊसतोडीच्या फडावर आलेले कार्ड गरजेचे असे. टपालाला मात्र दोन्ही सारखीच. त्याने पत्ता वाचायचा आणि पत्र पोचवायचे. म्हणून पत्ता नीट लिहिणे, हे पत्र लिहिणाऱ्याचे पहिले काम आहे. प्रथम नाव, मग घर किंवा मोहल्ला, मग गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी चौकटीत पिन कोडचे सहा आकडे. अक्षर स्वच्छ असावे आणि पत्त्याची बाजू कोरडी राहावी. पत्र पोचवण्यासाठी कोणी समुद्राच्या तळाशी उतरतो, कोणी बर्फाच्या खंडावर जातो, तर कोणी भर उन्हात सायकलवरून वस्तीवर येतो. त्यांचे श्रम वाया जाऊ नयेत, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

शब्दार्थ

पाणबुड्या – पाण्यात खोल बुडी मारणारा
मजकूर – लिहिलेला विषय (उर्दूत 'मजकूर' म्हणजे 'ज्याचा उल्लेख झाला ते', मराठीत अर्थ थोडा बदलला आहे)
यातायात – खटाटोप, त्रास
छाननी – निवड करून वेगळे करणे
परिमंडळ – टपाल खात्याचा मोठा विभाग
न्याय – येथे अर्थ : नियम, रीत
कंबर कसणे – कामासाठी तयार होणे
परमुलूख – दुसरा प्रदेश
फड – येथे अर्थ : ऊस तोडण्याचे शेत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सुसामीची टपालपेटी किती खोलीवर बसवण्यात आली?
(आ) पिन कोडची पद्धत कोणी तयार केली?
(इ) भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते कोण होते?

२. कारणे लिहा.
(अ) पाण्याखालची पेटी दाबाने चेपत नाही.
(आ) वानुआतूच्या पोस्टात शाईचा शिक्का वापरत नाहीत.
(इ) कडा बीड जिल्ह्यात असूनही त्याचा पिन कोड ४१४ ने सुरू होतो.
(ई) दक्षिण गंगोत्री केंद्र बंद करावे लागले.

३. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हींकडे वापरतात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
डाक, लिफाफा, रवाना, जबाबदार, तालुका

४. उपक्रम : परगावी राहणाऱ्या आपल्या एखाद्या नातेवाइकाला पोस्टकार्डावर मराठीत पत्र लिहा. पिन कोडसह पूर्ण पत्ता लिहा आणि कार्ड टपालपेटीत टाका. ते कोणत्या दिवशी पोचले, हे त्यांना विचारून वहीत नोंदवा. पत्र कोणकोणत्या गावांवरून गेले असेल, ते नकाशात पाहा.